भोईरसरांची दोन मतं

"सर, टाकीत पाणी आहे का हो?" असं विचारलं तर कोणीही भला माणूस आहे म्हणेल नाहीतर नाही म्हणेल. आमचे भोईरसर म्हणतात, "जुन्या मताने सांगू की नव्या?"

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. जूचंद्रच्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर, त्यामुळे उरलेलं शिकवणं माझ्या वाट्याला आलं. मतं दोन, आणि दोन्ही इलेक्ट्रॉनबद्दल. जुन्या मताने रिकामी जागा रिकामी नसतेच, इलेक्ट्रॉनांनी काठोकाठ भरलेली असते. इतकी भरलेली, की आपल्याला जाणवतच नाही. त्यातला एक उडाला की मागे भोक राहतं, आणि ते भोक उलट्या विद्युतभाराच्या कणासारखं चक्क हिंडतं.

"म्हणजे टाकी भरलेलीच म्हणायची," मी एकदा बादली आपटून म्हटलं. "जा, करा आंघोळ!"

सरांना राग म्हणून येत नाही. मी गोडीने ऐकतेय असं वाटून ते जिन्यातच टेकले. "जुन्यांची गंमत बघा. निघाले एकट्या इलेक्ट्रॉनचं गणित मांडायला आणि इलेक्ट्रॉनांचा अख्खा समुद्र गळ्यात पडला. आमच्या आगऱ्यांच्या हळदीला एकाला बोलवावं आणि गाव जेवायला यावं, तसं झालं. नवं मत शहाणं. ते आमंत्रण माणसाला देत नाही, घराला देतं. क्षेत्र सगळीकडे पसरलेलं, इलेक्ट्रॉन म्हणजे त्यावरची लाट. किती येतील, किती जातील, मोकळं ठेवायचं. समुद्र नको नि भोक नको. भोकाला वस्तू म्हणायचं म्हणजे काहीतरीच!"

तेवढ्यात सरांच्या घरातून त्यांच्या बायकोचा, वहिनींचा, आवाज आला. "आधी पानी भरा, मंग मतं सांगा!"

वहिनी याच गावच्या, आणि इथे रांगोळीचा हात पोरींना जन्मजात असतो. दिवाळीला त्या दारात पाट टाकून बसायच्या, भोवती निळा रंग पसरायच्या आणि कमळं मात्र कोरी सोडायच्या. सर मागे उभे राहून चिडवायचे, "ही जुन्या मताची रांगोळी! कमळ कुठाय? नुसती भोकं!"

"तुमाला फूल दिसतं ना? मंग झालं तर," वहिनी मान वर न करता म्हणायच्या.

वहिनी गेल्या त्याला दोन वर्षं होत आली. गेल्या दिवाळीला सरांचं दार बंदच होतं. यंदा सकाळी मी दार उघडते तर काय, सर उकिडवे बसून रांगोळी काढतायत! जन्मभर खडू धरलेला हात तो. रंग जमिनीवर कमी, लेंग्यावर जास्त. निळा रंग पार माझ्या चपलांपर्यंत आला होता. फक्त उंबऱ्याजवळ मधोमध एक ओबडधोबड चौकोन कोरा होता.

सोसायटीच्या सेक्रेटरी सुलभाताई रांगोळी स्पर्धेच्या परीक्षणाला निघाल्या होत्या. बाई मनाने चांगल्या, पण हात स्वस्थ राहत नाही. "अगंबाई, सर, एवढं राहिलंच की!" म्हणत त्यांनी पिवळ्या रंगाची चिमूट उचलली.

"हात लावू नका तिथे!"

सर ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढा आवाज पहिल्यांदा ऐकला. सुलभाताईंचा हात तसाच राहिला.

"अहो, पण रिकामं दिसतंय," त्या चाचरत म्हणाल्या.

"रिकामं नाही ते. पाटाची जागा आहे. तिथेही रंग भरला तर ही बसेल कुठे?"

मला राहवलं नाही. त्यांना जरा हसवावं म्हणून विचारलं, "सर, हे जुन्या मताने की नव्या?"

सर त्या चौकोनाकडे बघत राहिले. "वर्गात नवंच बरोबर," ते हळू म्हणाले. "पण घर एवढं भरलेलं आहे. भांडी, कपाट, मी. त्यातलं मला काही दिसतच नाही. दिसते ती तेवढीच जागा. जुन्यांना मी उगाच हसलो हो."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

सुलभाताईंनी चिमूट परत वाटीत टाकली. मग त्या खाली बसल्या आणि चौकोनात सांडलेले निळे कण बोटाने एकेक करून बाहेर काढू लागल्या.