अहवाल आधी आमच्या ओट्यावर

आमचे आमदार दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल छापायच्या आधी मला वाचून दाखवतात. मला म्हणजे महाल भागातल्या आमच्या गल्लीत, आमच्या ओट्यावर, मी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली असताना. मी चौथी शिकलेली आहे आणि चार माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. या दोन्ही गोष्टी आमदारांना ठाऊक आहेत, आणि दोन्ही त्यांना सोयीच्या वाटतात.

दामोदरभाऊ समोरच्याच घरात राहतात. त्यांना गल्लीत साहेब कोणी म्हणत नाही. सरकारी गाडी आत शिरत नाही म्हणून ते अजूनही स्कूटरवरच फिरतात. त्यांच्या रक्षणासाठी दिलेला पोलीस मागच्या सीटवर बसतो, एका हाताने बंदूक आणि दुसऱ्या हाताने भाऊंचा सदरा घट्ट धरून. कोण कोणाचं रक्षण करतं आहे, हे बघणाऱ्याला कळत नाही.

वाचनाची पद्धत अशी. थंडी पडली, अधिवेशन जवळ आलं, की भाऊ एका सकाळी आमच्या पायरीवर येऊन बसतात. मागे त्यांचे पीए वानखेडे, हातात कागद. लिहिलेलं सगळं वानखेड्यांचं असतं. भाऊ ते मोठ्याने वाचतात. एक डोळा कागदावर, एक माझ्या हातांवर. शेंगा सोलणारे हात चालू राहिले तर मला समजलं, वाक्य पास. हात थांबले, की गल्लीतली कुत्री उठून बसतील एवढ्या आवाजात भाऊ ओरडतात, "खोडा, वानखेडे! वहिनीचा हात थांबला!"

पहिल्याच वर्षी वानखेड्यांनी लिहिलं होतं, 'सदर बाब शासनाच्या विचाराधीन आहे.' माझा हात थांबला.

"वानखेडे, विचार कोण करून राहिलं गा?"

"शासन, साहेब."

"कोन्या टेबलावर?"

वानखेडे आभाळाकडे बघायला लागले.

"मग असं लिहा, फाइल कुठी अडकली ते मले माहीत नाही, शोधून राहिलो. समजलं तर झालं, नाही तर नाही झालं!"

हे त्यांचं लाडकं वाक्य. ते दूधवाल्यालाही ऐकवतात आणि कलेक्टरलाही.

या वाचनात माझं एक नुकसान होतं. भाऊंना कच्चे सोले, म्हणजे तुरीचे हिरवे दाणे, फार आवडतात. मी शेंग फोडते, दाणे ताटात पडतात, भाऊ वाचता वाचता उचलतात. गटाराचं काम संपेपर्यंत मूठभर जातात, रस्त्यांपर्यंत ताटाचा तळ दिसतो. अहवाल मोठा असला, की त्या दिवशी आमच्याकडे वांग्याची भाजी सोल्यांशिवायच होते. आमचे हे जेवताना विचारतात, "आज विकास लई झाला वाटते?"

एकदा मोठीच गंमत झाली. भाऊ एका नव्या बगीच्याबद्दल वाचत होते. पाळणे, बाकं, म्हाताऱ्यांना फिरायला वाट, सगळं झालेलं होतं, सोपं लिहिलेलं होतं. तेवढ्यात शेंगेतून एक हिरवी, गुबगुबीत अळी निघाली आणि माझ्या अंगठ्यावर चढली. हात थांबला.

"खोडा!"

मी अळीकडे बोट दाखवलं, पण ती तोवर ओट्याखाली पडली होती. तोंड उघडून सांगणं काही मला जमलं नाही, मी पुढची शेंग उचलली. वानखेड्यांनी अख्खा बगीचा खोडला. पुस्तक छापून आलं आणि त्या भागातले लोक भाऊंच्या दारात उभे. "भाऊ, आमचा बगीचा कुठी गेला? रोज संध्याकाळी तिथं फिरून राहिलो आम्ही!" भाऊंनी त्यांना छातीठोक सांगितलं, "बगीचा आहे, पण समजाले कठीण आहे."

यंदाचं वाचन मात्र साधं नव्हतं. निवडणूक तोंडावर आली होती. तिकिटासाठी आणखी दोघं तयारीत होते, आणि पक्षाचा वरून निरोप होता की अहवालाचं पुस्तक बघूनच नाव ठरेल.

भाऊंच्या मतदारसंघाच्या पार टोकाला, रेल्वे रुळांपलीकडे, मजुरांची एक वस्ती आहे. तिथे दवाखाना बांधून द्यायचा शब्द भाऊंनी दिला होता. इमारत झाली, रंग झाला, पाटी लागली. डॉक्टर काही मिळाला नाही. त्यामुळे दाराला कुलूप. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

भाऊंनी वाचलं, "रुळांपलीकडच्या वस्तीत दवाखाना सुरू झाला. आयाबायांची सोय झाली."

किती छान, किती सोपं वाक्य. माझा हात उलट जोरात चालायला लागला. आणि भाऊच थांबले.

"वहिनी, तुमचा हात काहून नाही थांबला?"

मी पुढची शेंग फोडली.

"तुमाले खरं वाटलं?"

मी मान हलवूनच हो म्हटलं. भाऊंनी तोंडाजवळ नेलेले सोले परत ताटात टाकले. हे आजवर कधी झालं नव्हतं.

"वानखेडे, इतकं सोपं खोटं लिहाले कवा शिकले तुम्ही?"

"साहेब, तिकिटाचा प्रश्न आहे."

"दवाखान्याले कुलूप आहे."

"फोटो बाजूनं काढला, साहेब. कुलूप दिसत नाही."

"खोडा."

वानखेड्यांनी पेन काढलं नाही. हळूच म्हणाले, "छापाले गेलं, साहेब. वरूनच पाठवाले सांगितलं." आयुष्यात पहिल्यांदा भाऊ अहवाल अर्धवट टाकून आमच्या पायरीवरून उठले.

अहवालाची सभा शाळेच्या पटांगणात होती. शेजारच्या कुसुमताईने मला ओढतच नेलं. "चाल वं, घरात बसून बुरशी येईल तुले." मंचावर मुंबईहून आलेले पक्षाचे मोठे साहेब बसले होते. प्रत्येक खुर्चीवर गुळगुळीत पुस्तक ठेवलेलं, मधल्या पानावर दवाखान्याचा रंगीत फोटो. कुसुमताई माझ्या कानात म्हणाली, "आता पाहा, भाऊ गिळते का थुंकते." मी खुर्चीच्या टोकावर येऊन बसले, जसं काही तिकीट मलाच मिळायचं होतं.

भाऊ वाचत वाचत त्या पानावर आले. थांबले. गर्दीत नजर फिरवली आणि शेवटच्या रांगेत मी दिसेपर्यंत फिरवत राहिले.

"हे वाक्य खोटं आहे," भाऊ माइकवर म्हणाले. "दवाखान्याले कुलूप आहे. डॉक्टर नाही, नर्स नाही. हे काम झालं नाही."

मंचावरच्या साहेबांनी चष्मा काढला. मग पुढच्या रांगेतून त्या वस्तीची एक म्हातारी उठली, कमरेवर हात ठेवून.

"मंग छापलं काहून गा?"

"चुकलं, माय."

"चुकलं म्हणते! माही सून ऑटोत बाळंत झाली, रुळाचं फाटक बंद होतं तवा. ते कोन्या पानावर छापलं? दाखव!"

भाऊंनी पुस्तक मिटलं. "नाही छापलं, माय. छापाले पाहिजे होतं."

"मंग आता काय करशीन?"

"उद्यापासून माहं हापिस त्या दवाखान्याच्या दारात. डॉक्टर येईल तवाच उठीन. ज्याले माही सही पाहिजे त्यानं तिथं यावं."

मग कुसुमताईने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की मंचावरचा बंदूकवाला पोलीस दचकला. आणि पटांगण उठलं! टाळ्या, आरोळ्या, खुर्च्या पडल्या. मीसुद्धा उभी होते. टाळ्या वाजवून माझ्या बांगड्या कोपरापर्यंत गेल्या होत्या. मुंबईचे साहेब मात्र चहा न घेताच गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी भाऊ खरंच जाऊन बसले. कुलूप लावलेल्या दारासमोर टेबल, खुर्ची. मोठमोठे अधिकारी फायली घेऊन रूळ ओलांडायला लागले. फाटक बंद असलं की सगळे उन्हात ताटकळत, आणि भाऊ लांबून ओरडत, "थांबा थांबा! बाया पण अशाच थांबतात!" वस्तीतल्या बायका त्यांना ताक आणून द्यायच्या आणि ताकाबरोबर शिव्या. भाऊ दोन्ही प्यायचे.

शेवटी डॉक्टरीणबाई रुजू झाली. बातमी गल्लीत आली आणि कुसुमताईने मला रिक्षात कोंबलं.

दार उघडं होतं! आत लसीसाठी बायकांची रांग, पोरांची रडारड, नुसती जत्रा. भाऊ दाराशी खुर्चीत बसले होते, पण अगदी ताठ, मान न हलवता. जवळ गेल्यावर दिसलं, त्यांच्या मांडीवर दोन-तीन महिन्यांचं बाळ झोपलेलं. एका बाईने त्यांना दवाखान्याचा चौकीदार समजून "काका, धरा जरा, माहा नंबर आला की देजा" म्हणून सोपवलं होतं आणि ती आत गेली होती.

भाऊ बाळाशी बोलत होते. ज्या आवाजाने कुत्री उठतात तो आवाज इतका बारीक होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. "पुढच्या वर्षी नळ. मंग नाली, मंग रस्ता. का रस्ता आधी? तू सांगशीन तसं." बाळाने झोपेतच त्यांचं बोट मुठीत धरलं होतं.

भाऊंच्या घरात पाळणा कधी हलला नाही. जगातल्या सगळ्या विषयांवर बोलणारा हा माणूस या एका विषयावर कधी बोललेला मी ऐकला नाही.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. वानखेडे धावत आले. "साहेब, मुंबईच्या साहेबांचाच असणार! आज यादी ठरून राहिली! उचला!"

भाऊंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. ते सोडवून घ्यावं असं त्यांच्या मनात आलं नाही. माझ्याकडे बघून कुजबुजले, "वहिनी, तुम्ही काढा फोन. सांगा, भाऊ कामात आहे."

मी इकडेतिकडे बघितलं. वानखेड्यांनी कपाळाला हात लावला होता. फोन वाजतच होता आणि बाळाच्या पापण्या हलल्या. मी खिशातून फोन काढला, कानाला लावला.

"भाऊ कामात आहेत," मी म्हटलं.

पलीकडून एवढा मोठा आवाज आला, की फोन कानापासून दूर धरावा लागला. "कोणतं काम? कोण बोलतंय? त्यांना म्हणावं, तिकीट पाहिजे असेल तर आत्ताच्या आत्ता..."

"साहेब," मी म्हटलं, "हळू बोला. लेकरू झोपलं आहे."