इंजिनाची उलटतपासणी

आमच्या गल्लीतल्या भाऊसाहेब वकिलांच्या चहात साखर कमी पडली, तर ते चहा करणाऱ्या बाईला बोलत नाहीत. कप, चमचा, दुधाचं पातेलं, साखरेचा डबा सगळे टेबलावर ओळीनं उभे करतात आणि एकेकाला विचारतात, "चमच्या, त्या वेळी तू कुठं होतास?" समोरच्यानं हसायचं नाही. हसलात की तुमचीबी साक्ष काढतात.

सारी हयात निपाणीच्या कोर्टात गेली. आता कोर्टात जात नाहीत, पण कोर्ट अंगातनं उतरलेलं नाही. डास चावला तरी मारायच्या आधी "काही म्हणणं?" असं विचारणारा माणूस. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तातोबा, पुराव्याअभावी." देवाचंबी तसंच. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना म्हणतात, "देऊ की. पण देवाचं वकीलपत्र तुमच्याकडं आहे का?" आणि मग देतात.

असल्या माणसानं साठी उलटल्यावर स्पोर्ट्स कार घेतली. लाल भडक, दोनच माणसं मावतील अशी, जमिनीला पोट लावून पळणारी. कोल्हापूरच्या कुणा हौशी माणसानं वापरून विकलेली. गल्लीतला गतिरोधक आला की वकील ती तिरकी घालतात, तरी खालनं करकर आवाज येतोच. आत बसायला घडी घालून घ्यावी लागते अंगाची, आणि बाहेर यायला कुणीतरी हात धरून ओढावं लागतं. माझी बायको हौसा म्हणायची, "ही गाडी न्हवं, पाळणा हाय. म्हाताऱ्याला निजवून ढकलायचा."

हौसा शिमग्याच्या आधी गेली. तेव्हापासनं घरात भांड्यांचा आवाज होतो तो मीच केलेला असतो. त्यावर जास्त लिहीत नाही. लिहून काय ती उठून येणार हाय?

मी ट्रकवर ड्रायव्हर होतो. तंबाखूची पोती घेऊन कुठं कुठं गेलतो. म्हणून गाडीचं काही असलं की वकील मला हाक मारतात. त्यांना बसू मिस्त्री गाठून दिला तो मीच. बसू, म्हणजे बसवराज, बरीच वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात राबला आणि नुकतंच हायवेच्या कडेला त्यानं स्वतःचं पत्र्याचं शेड टाकलं. वकिलांची लाल गाडी त्याच्या दारात उभी राहिली की येणारंजाणारं गिऱ्हाईक थांबायचं. "वकील ह्याच्याकडं देत्यात म्हंजे मिस्त्री बरा असणार," एवढीच त्याची जाहिरात.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर बसूनं गाडीची सर्व्हिसिंग केली. ऑइल, फिल्टर, प्लग, नेहमीचंच. गाडी लोण्यावरनं सुरी फिरावी तशी घरी आली. खंडेनवमी झाली, दसरा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वकील माझ्या दारात.

"तातोबा, चला. गाडी थरथरतेय."

"मी न्हाय येत कुठं. गुडघं दुखत्यात."

"गुडघ्यांची तक्रार नंतर ऐकू. आधी हा अर्ज तातडीचा आहे."

गेलो. गाडी जाग्यावर उभी, आणि आत बसल्या बसल्या माझे दात वाजायला लागले. वकिलांचा चष्मा नाकावरनं घसरून मिशीवर आला. तवंदी घाट चढवून बघितली तर शेणखत भरलेला ट्रॅक्टर आमच्या पुढं गेला. जाताना त्या ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून आमच्याकडं असं बघितलं, की मला मान खाली घालावी लागली.

"मिसिंग मारतीया," मी म्हणालो. "एक सिलिंडर काम करत न्हाय."

"तो तुमचा तर्क झाला. कोर्टाला तर्क चालत नाही."

मग सुरू झाली चौकशी. पहिला पेट्रोलचा नंबर. काचेच्या बाटलीत पेट्रोल काढून खिडकीत ठेवलं, आणि त्यात पाणी खाली बसतंय का ते बघत वकील तासभर खुर्ची टाकून बसले. पाणी काही बसलं नाही. "पेट्रोल निर्दोष." हवेचा फिल्टर उन्हाकडं धरून आरपार बघितला. "हाही सुटला." ऑइलची पट्टी ओढून स्वतःच्या पांढऱ्या रुमालाला पुसली. "याच्यावर संशय होता, पण फायदा देतो."

शेवटी चष्मा काढून म्हणाले, "सर्व्हिसिंगच्या आधी गाडी ठीक. नंतर बिघाड. मधे हात फक्त बसवराजचा. प्लग जुनेच घातले असणार. मी नोटीस तयार केली आहे. ग्राहक कोर्टात खेचतो."

आमच्या गावात "वकिलांनी बसूवर केस घातली" एवढं झालं की पुरे. पुढं काय झालं ते कोण विचारत बसतंय? शेडपुढं कुत्रं थांबलं नसतं. आणि त्या गरिबाला वकिलांपुढं नेऊन उभा करणारा मीच.

"आधी त्यालाच उघडून बघू द्या की," मी म्हणालो.

"आरोपीनं स्वतःच तपास करायचा?"

"मग तुमी समोर बसा. चार माणसांदेखत उघडू दे."

चार माणसांदेखत म्हटल्यावर वकिलांचे डोळे चमकले. घरात जाऊन काळा कोट घालून आले. ऊन मी म्हणत होतं, तरी वरपर्यंत बटणं.

बसूच्या शेडात तीनचार गिऱ्हाईकं होती. वकिलांना टायरवर फळी टाकून खुर्ची केली.

"बसवराज, खरं सांगशील?"

"सांगतो की ओ."

"प्लग नवे घातलेस?"

"घातलो."

"पुरावा?"

बसूनं फळीवरनं जुने काळे पडलेले प्लग काढून समोर ठेवले. वकिलांनी ते उलटसुलट करून बघितले.

"घट्ट आवळलेस?"

"आवळलो. पर साहेब, इंजिनावरचं झाकण कुठं गेलं? मी लावून दिलतो न्हवं."

वकील जरा चुळबुळले. "ते मी काढलं. गाडी घरी आली त्याच दिवशी. प्लग खरंच नवे आहेत का बघायला."

"मग दिसले?"

"नाही. वर कॉइल आडवी येते."

एक गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. वकिलांनी त्याच्याकडं बघितल्यावर ते खोकायला लागलं.

बसू वाकला. प्लगवर बसलेल्या, त्याला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइली एकेक करून उपसायला लागला. पहिली कोरडी. दुसरी कोरडी. तिसरी वर आली ती ठिबकतच. खाली प्लगच्या खोल भोकात पाणी साठलेलं. बसूनं चिंधी घालून टिपलं. चिंधी चिकट. मग चिमट्यानं एक बारीक पांढरा तुकडा वर काढला, नाकाला लावला आणि आमच्याकडं बघत राहिला.

"अय्यो. खोबरं हाय हे."

सगळ्यांनी माना आत घातल्या. खोबरंच होतं.

बसूनं हवेचा पाइप लावून भोक कोरडं केलं, कॉइल पुसून बसवली आणि गाडी चालू केली. थरथर नाही, खडखड नाही. बॉनेटवर पाण्याचा तांब्या ठेवला असता तर हलला नसता. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. बसूनं तर डोळेच मिटून घेतले, आणि मग चिंधीनं तोंड पुसलं. तोंडावर ऑइल लागलं, तेबी त्याला कळलं नाही.

"पर इंजिनावर नारळ फोडला कुणी म्हंतो मी?" खोकणाऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं.

वकील उठले. बटणं नीट केली.

"मी फोडला."

"तुमी?" मी म्हणालो. "देवाचं वकीलपत्र मागणारं तुमी?"

"मी." मग माझ्याकडं वळले. आवाज कोर्टातला राहिला नव्हता. "तातोबा, खंडेनवमीला वहिनी ताट घेऊन यायच्या. सांगत नव्हत्या, विचारत नव्हत्या. गाडीची पूजा करून निघून जायच्या. मी वर खिडकीत पेपर वाचतोय असं दाखवायचो. यंदा सकाळी उठून फाटक उघडं ठेवलं. पेपर घेऊन बसलो. पेपर संपला, तेव्हा ध्यानात आलं."

वकिलांनी कोटाचं वरचं बटण काढलं.

"मग म्हटलं, गाडी तशीच राहायला नको. खाली उतरलो. बॉनेट उघडायच्या, हे आठवत होतं. नारळ नेमका कुठं फोडायच्या, ते खिडकीतून दिसत नव्हतं."

चाकापाशी दगडावर फोडायची ती. पण ते मी तेव्हा सांगितलं नाही.

वकिलांनी कोटातनं नोटीस काढली, चार तुकडे केले आणि बसूपुढं दोन्ही हात जोडले. "बसवराज, चूक माझी. सगळ्यांसमोर आरोप केला, म्हणून माफीही सगळ्यांसमोर."

"असू दे ओ साहेब. पुढच्या वर्षी मला बोलवा, मी फोडतो. इंजिनापासनं लांब."

सगळे हसले. खोकणारं गिऱ्हाईक तर लगेच स्वतःच्या मोटारसायकलची किल्ली बसूच्या हातात देऊन म्हणालं, "हिचंबी काय ते बघ बाबा."

परत येताना मी घडी घालून वकिलांच्या शेजारी बसलो. थोडं पुढं आल्यावर त्यांनी विचारलं, "पूजा करताना वहिनींचे ओठ हलायचे. मंत्र कुठला म्हणायच्या? मला येत नव्हता. मी नुसताच उभा राहिलो."

"तिला कुठला मंत्र येतोय? मला घरी येऊन सांगायची आणि हसायची. गाडीच्या कानात म्हणायची, 'बाई, हे येडं एकटं ऱ्हातंय. कुठंबी गेलं तरी सांभाळून घरी आण.'"

रस्ता मोकळा होता, इंजिन गुळगुळीत चालत होतं. मागनं गाड्या हॉर्न मारत पुढं जात होत्या. तरी गल्ली येईपर्यंत वकिलांनी तिसरा गिअर टाकला नाही.