साडभाऊंचा मोठ्या डोक्याचा ड्रायव्हर

आमच्या साडभाऊंच्या गाडीत मला पुढच्या सीटवर बसता येत नाही. तिथे त्यांची गोल्फची काठी बसलेली असते. बसलेली म्हणजे खरोखर बसलेली! काळंभोर मोठं डोकं वर, त्यावर लोकरीचं टोपडं आणि पोटावरून सीटबेल्ट. आणि मी, साठी उलटलेला, गुडघ्यांनी गांजलेला माणूस, मागच्या सीटवर बुटांच्या पिशवीला मांडी देऊन. एकदा न राहवून म्हटलं, "वामनराव, हे डिकीत टाका ना जी." तर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "डिकीत तापते ना गा ते."

घ्या! काठी तापते. माणूस काय मागे बर्फात बसला होता?

वामनराव ठोंबरे म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे या नात्याला साडू म्हणतात, आमच्या नागपूरकडे साडभाऊ. नाव काहीही ठेवा, जळफळाट तोच. आमची सासुरवाडी कळमेश्वरची. तिथे मोठ्या जावयाचा मान म्हणजे काय ते मी जन्मभर पाहिलंय. धोंड्याच्या महिन्यात त्यांना चांदीचं ताट आणि मला चांदीची वाटी. जेवताना पुरणपोळीवर तूप त्यांच्यापासून सुरू व्हायचं आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर तांब्या गार पडलेला असायचा. आणि आमची सुधा? लग्न झाल्यापासून एकच पाढा, "भाऊजी बघा कसे शांत असतात." अहो, ज्याला तूप आधी मिळतं तो शांतच असणार!

हिंगण्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात त्यांचा जन्म गेला. तयार झालेला माल मापात आहे का हे बघायचं काम. तिथून त्यांनी एक शब्द घरी आणला, तो म्हणजे टॉलरन्स. मापात किती चूक चालवून घ्यायची, त्याला म्हणे टॉलरन्स म्हणतात. पोह्यात मीठ कमी पडलं, "टॉलरन्समधे आहे वं." कूलरनं ऐन मे महिन्यात मान टाकली, "टॉलरन्समधे आहे." माझ्या मुलाला गणितात कसेबसे पास होण्यापुरते मार्क पडले तेव्हा मी पट्टा काढला होता, तर हे पेढ्यांचा डबा घेऊन हजर. "टॉलरन्समधे आहे गा विलासराव, सोड त्याले." पोट्टा आजही त्यांनाच आधी नमस्कार करतो.

गोल्फ त्यांनी कंपनीत असताना एका साहेबाच्या नादानं धरला आणि मी त्यांच्यावर जळून धरला. मंगलाताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी कॅनडात. तेव्हापासून दर रविवारी पहाटे ते मला घ्यायला येतात, शहराबाहेरच्या मैदानावर आम्ही खेळतो आणि उन्हं चढायच्या आत आमच्याकडे तर्री-पोहे खायला परत येतो. सुधा त्यांच्या ताटलीवर शेव घालते ती सढळ हातानं. माझ्या ताटलीच्या वेळी तिला माझं कोलेस्टेरॉल आठवतं.

आता ती काठी. गोल्फमध्ये पहिला लांबचा टोला ज्या काठीनं मारतात, तिला ड्रायव्हर म्हणतात. ताई गेल्याच्या सुमारास वामनरावांकडे हा नवा ड्रायव्हर आला. डोकं हे एवढं, कैरीच्या फोडी मुरवायच्या बरणीचं झाकण शोभेल असं. मैदानावर पहिल्यांदा टोपडं काढलं तेव्हा सगळे गोळा झाले. वामनरावांनी त्यावरून रुमाल फिरवला आणि सांगितलं, "डोकं मोठं असलं का चेंडू कुठंबी लागू दे, काठावर लागला तरी सरळ जाते. माफ करते हे. माणसाचंबी असंच पाह्यजे."

म्हटलं, झालं, आता कीर्तन.

पण खरं वेड डोक्याचं नव्हतं, दांड्याचं होतं. डोक्याला जोडलेल्या लांब शाफ्टला ते दांडाच म्हणतात. दांडे टोल्याबरोबर लवतात; काही नरम असतात, मध्यम असतात, कडक असतात, आणि ज्याचा हात जसा तसा त्याला दांडा लागतो, हे त्यांचं मुख्य शास्त्र. "आधी हात पाह्य, मंग दांडा घे." हे शास्त्र मैदानावर ठेवतील तर शपथ. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा हात बघून मला कोपर मारायचे, "कडक दांडेवाला आहे." माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेवानं हार घालायला हात उचलला तर हे माझ्या कानात, "पोट्टा घाईचा आहे गा, पण हात चांगला आहे." सुधाला वाटलं, नवऱ्या मुलाच्या स्वभावाची पारख चाललीय. तिनं ते वाक्य अख्ख्या मांडवात फिरवलं आणि भाऊजींचं आणखी कौतुक झालं.

आणि चीड आणणारी गोष्ट ही, की माणूस जिंकायचा. टोला कसा? म्हशीनं शेपूट हलवावं तसा. हळूच मागे, हळूच पुढे. चेंडू फार लांब जायचा नाही, पण जायचा तो मैदानाच्या मधोमध. आमचे टोले कसे, सण्ण! आणि चेंडू थेट बाभळीत. काटे काढत आम्ही बाहेर येईपर्यंत हा बाप्पा सावलीत उभा राहून संत्रं सोलत असायचा. अर्धं मला द्यायचा. त्याचाही राग यायचा.

त्या दांड्यावर पकडीच्या जरा खाली काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, वायरीला लावतात तसली. कशासाठी ते कोणालाच सांगायचे नाहीत. विचारलं की हसायचे. झालं! सगळ्यांना वाटलं, खरी किल्ली तीच. वजनाचा तोल असणार. महिन्याभरात मैदानावरच्या निम्म्या काठ्यांना काळी पट्टी लागली. एका रिटायर्ड डॉक्टरांनी दोन लावल्या. मी लावली ती मोजपट्टीनं जागा बघून, वामनराव पाणी प्यायला गेले असताना. बाभळीनं तरी मला सोडलं नाही.

शेवटी मी नवा ड्रायव्हर घ्यायचं ठरवलं. डोकं त्यांच्याइतकंच मोठं. दुकानदारानं दांडे मांडले आणि त्यावरची अक्षरं समजावली: एस म्हणजे कडक, आर म्हणजे मध्यम, ए म्हणजे वयस्करांचा, एल म्हणजे बायकांचा. वामनराव सोबत होते. माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले, "तू हा घे गा, ए-वाला." वयस्करांचा! मला! स्वतः माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे! मला वाटलं, हा माणूस मला पुन्हा वाटीवर बसवतोय. मी तिथल्या तिथे एस घेतला. ते एवढंच म्हणाले, "जड जाईन गा तुले." आणि जड गेला. चेंडू आता बाभळीच्याही पलीकडे, उजवीकडच्या नाल्यात जायला लागला. पण माघार घेईन तर मी विलास कसला?

मग मे महिना आला. नागपूरचा मे, पहाटेच झळा लागतात. त्या रविवारी खेळ संपवून गाडीपाशी आलो. वामनराव काठीला बेल्ट लावून कोणाशी तरी बराच वेळ बाजूला बोलत उभे होते आणि पुढच्या सीटवर काठी आपली राणीसारखी बसलेली. काचेतून ऊन नेमकं तिच्यावर. उन्हानं डिंक पातळ होऊन ती काळी पट्टी खाली घसरली होती. मी वाकून बघितलं. पट्टीखाली अक्षर होतं, एल.

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद माझ्या बढतीच्या वेळी झाला नव्हता. बायकांचा दांडा! सगळ्या जगाला हात बघून दांडा घ्यायला सांगणारा हा शास्त्री, बायकांच्या दांड्यानं खेळतो आणि पट्टी लावून लपवतो! अख्खा रस्ता मी मागच्या सीटवर तोंड दाबून बसलो होतो. मैदानावर सांगायचं नव्हतं मला. मला सांगायचं होतं सुधासमोर.

पोहे आले. तर्री आली. शेवेचा डोंगर त्यांच्या ताटलीत पडला आणि मी म्हणालो, "सुधा, ऐकतेस का? तुझे भाऊजी बायकांच्या दांड्यानं खेळतात. अक्षर बघितलं मी आज डोळ्यांनी. तीन वर्षं पट्टी लावून लपवलं बेट्यांनी!" आणि मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो.

वामनरावांनी चमचा खाली ठेवला.

"हो गा," ते म्हणाले. "मंगलाचा आहे तो."

सुधा शेवेचा डबा धरून तशीच उभी राहिली. "ताईचा? ताई कुठं खेळत होती भाऊजी?"

"खेळत नोती वं. खेळणार होती." ते ताटलीकडे बघत बोलत होते. "मी खेळत असलो का छत्री घेऊन सोबत चालत राहे ना ते. एक दिवस म्हणे, मलेबी एक मारून पाहू द्या. मी म्हटलं, आता रिटायर झालो का दोघंबी खेळू. मंग तिच्यासाठी हा सांगितला. डोकं मोठं घेतलं, नवीन माणसाले माफ करन असं. दांडा तिच्या हातापरमाणं, नरम. तो जुळून येईपर्यंत ते दवाखान्यात होती. तिथं नेऊन दाखवला. पलंगावर बसून धरला तिनं. म्हणे, चांगला आहे, हलका आहे."

"मला कधी बोलली नाही ती," सुधा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "सगळं सांगायची मला. हे काहून नाही सांगितलं?"

वामनरावांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "लाजे ते. म्हणे, कोणाले सांगू नका, विलासराव हासतीन. म्हणून पट्टी लावली."

मी ताटली बाजूला सारली.

"पण भाऊजी," सुधानं डोळे पदराला पुसले, "तुमच्या हाताला कसा चालला तो?"

"कुठचा चालते! पहिले तर चेंडू सगळा डावीकडे जाय. माह्या हाताले नरम पडते ना. मंग मीच हात हळू केला. अंगणात उभं राहून राहून केला. आता जमते."

म्हणजे ते म्हशीच्या शेपटासारखे टोले. ते हळूच मागे, हळूच पुढे. माणसाला दांडा जुळवतात, यांनी दांड्याला माणूस जुळवला होता. मी सुधाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. त्या दिवशी दुपारचं जेवण तिनं मला वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन आत स्वयंपाकघरात जाऊन बसली.

पुढच्या रविवारी पहाटे वामनराव आले तर सुधा चपला घालून दारात तयार. हातात छत्री. "मीपण येते," म्हणाली. मला विचारलं नाही, सांगितलं.

मैदानावर वामनरावांनी ड्रायव्हरचं टोपडं काढलं आणि काठी तिच्या हातात दिली. आजवर त्या काठीला मी बोट लावलेलं त्यांना चाललं नव्हतं. "हळू वं," ते म्हणाले, "घाई नाही." सुधानं पदर खोचला, दोनदा नुसती हवा मारली आणि तिसऱ्यांदा चेंडू उडाला. टुणटुण करत गवतात जाऊन पडला. फार लांब नाही, पण सरळ. बाभूळ बाजूलाच राहिली. ती अशी हसली, की घरात तसं हसताना मी तिला कधी बघितलंय ते आठवेना. मी जळलो. बायकोवर जळलो, साडभाऊंवर जळलो, त्या बरणीच्या झाकणावर जळलो.

मग वामनराव माझ्याकडे वळले. "आण गा तुझा, पाहू दे."

मी माझा कडक दांडा दिला. त्यांनी तो हातात तोलला, पाय रोवले आणि मारला. देवाशपथ सांगतो, असा आवाज त्या मैदानावर मी ऐकला नव्हता. चेंडू वर गेला, बाभळीवरून गेला, नाला वळून मैदानाला आडवा येतो तिथं त्याच्यावरूनही गेला आणि दिसेनासा झाला. सावलीतली म्हातारी मंडळी उठून उभी राहिली. तीन वर्षं हा माणूस हात आखडून खेळत होता आणि हात आखडून मला हरवत होता!

"अबे काय हे वामनराव!" मी ओरडलोच. "असा हात आहे तर अशानंच खेळा ना! काहून ते नरम घेऊन बसता? एवढ्या लांब कोणाचाच जात नाही इथं!"

त्यांनी माझ्या काठीचं डोकं रुमालानं पुसलं आणि ती मला परत दिली.

"एकट्यानं एवढ्या लांब जाऊन काय करू गा?" ते म्हणाले.

मग सुधाच्या हातातून त्यांनी तो नरम दांडा घेतला, दुसरा चेंडू ठेवला आणि हळूच मारला. चेंडू सुधाच्या चेंडूच्या जरा पुढे जाऊन पडला. सुधानं छत्री उघडली, आणि ती दोघं त्या दिशेनं चालायला लागली.