भावाच्या मस्तकाची हकीकत

आदिभाऊ व आदिबहीण यांस नमन असो. शके पंधराशें त्र्याण्णव, पूर्वसमुद्रांतील एका राज्यीं वर्तमान घडलें, तें ऐकिल्याप्रमाणें लिहितों.

तेथील लोकांची समजूत ऐसी कीं, आरंभीं भाऊबहीण दोघेंच होतीं. भाऊ मरूं लागला, त्याणें बहिणीस शेवटचा शब्द सांगितला, आणि तिणें त्याच्या डोळ्यांचे सूर्यचंद्र केले, पाठीची भूमि केली, भुंवयांचें इंद्रधनुष्य केलें, आणि मग आपण समुद्रकांठीं खडक होऊन राहिली, त्या खडकांतून माणसें निघालीं. म्हणोन त्या राज्यीं घर बाईचें, आणि भावाचा शेवटचा शब्द बहिणीनें पाळावा ऐसा शिरस्ता. मृतांचीं मस्तकें, हाडें मात्र उरल्यावर, टोपलींत घालोन घरींच आदरें ठेवीत. इसाबाई नामें घरधनीण होती. तिचा धाकटा भाऊ ताइमांग्लो मागील सालीं तापानें गेला, जातां बोलिला, "ताई, माझें डोकें परक्याचे हातीं देऊं नको." बाईनें वचन दिधलें.

मग गलबतांतून परदेशी गुरु आणि बंदूकवाले उतरले, आणि हुकूम सुटला कीं मस्तकें म्हणजे सैतानाची पूजा, सबब सर्व जाळावीं. गांवोगांव धूर जाहला. त्यांचे आपले साधूंच्या हाडांस मात्र रुप्याची पेटी होती, पण तें बोलावें कोणी! तेव्हां बाईनें टोपली उचलली, आणि आदिबहिणीच्या खडकाचे कपारींत मस्तक लपवावें ऐसें मनीं धरोन लेकीसह निघाली. मध्यें रान लागलें. रान पूर्वजांचें, मोठ्यानें परवानगी मागितल्यावांचून त्यांत पाऊल घालणें नाहीं. लेक काकुळतीनें म्हणाली, "आई, शिपाई जवळच आहेत. आज मनांतच विचार ना."

बाई रागावली. "मनांतलें त्यांस ऐकूं कसें जाईल, ग?" आणि खणखणीत हाक दिधली, "आजोबा, आजी, वाट द्या! भावास घेऊन येतें आहें!"

शिपायांनीं ऐकिलें, मायलेकींमागोमाग रानांत धांवत आले, टोपली हिसकली, आणि त्यांचे सरदारानें मस्तक दगडावर फोडोन चूर केलें आणि तिचेदेखत आगींत लोटलें. बाईनें हंबरडा फोडला. मग मायलेकींस हाकलोन दिधलें. रानाबाहेर पडतां बाई थांबली आणि पुन्हां तोंड उघडूं लागली.

सरदार खेकसला, "म्हातारे, अजून अक्कल आली नाहीं?"

"जातांनाही सांगावें लागतें," बाई म्हणाली, आणि झाडांकडे वळोन बोलिली, "आजोबा, आजी, मी जातें. भावावांचून जातें."

एणेंप्रमाणें शब्द मोडला, रीत राहिली. इति हकीकत.