उस्मानचाचांची लोकाटं

उस्मानचाचा तुमच्या हातात वाटी देतात आणि मग तुमच्या घशाकडे बघत उभे राहतात. घास खाली उतरल्याशिवाय ते अभिप्राय ऐकून घेत नाहीत. "आधी गिळा, गुरुजी, मग बोला!"

चाचा माझे शेजारी, जव्हारमधले जुने शिंपी. त्यांच्या परसात लोकाटाचं झाड आहे. गावात दुसरं नाही, म्हणून त्याचा रुबाब फार. उन्हाळ्याच्या तोंडावर ती पिवळी, लिंबाएवढी फळं पिकली, की चाचांची मशीन बंद. फळं सोलायची, बिया काढायच्या, साखर-लवंग घालून शिजवायची आणि वाट्या घेऊन आळीभर फिरायचं. पूर्वी हे सगळं चाची करायच्या. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या.

चाचांच्या हातचं लोकाट इतकं आंबट, की डोळे आपोआप मिटतात. चाचांना वाटतं, माणूस चवीत रंगला. आळीत सगळे म्हणतात, म्हातारा साखरेला चिकट आहे. मीही हसायचो. तोंडावर मात्र दरवर्षी ठरलेलं, "अगदी चाचींच्या हातचं!"

यंदा रिकामी वाटी द्यायला थेट त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. शेगडीमागच्या भिंतीवर शिंप्याच्या खडूने लिहिलं होतं, साखर दोन चमचे.

"तुम्हीच पहिल्या साली पास केलं ना," चाचा म्हणाले. "मला कुठे कळतं? त्या साली आम्हा दोघांना ताप आला, त्यात ती गेली, आणि माझी चव पण गेली. गूळ खाल्ला काय, माती खाल्ली काय, एकच. तुम्ही बोललात, बराबर तिच्यासारखं झालं. मग मी माप हलवलंच नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार उन्हाळे हा माणूस आपल्या बायकोच्या हातची चव विचारत दारोदार फिरत होता, आणि मी त्याला हसून वाटेला लावत होतो.

"चाचा, साखर कमी पडते," मी म्हणालो. "पहिल्यापासून."

"मग चार साल?"

मी रिकामी वाटी ओट्यावर ठेवली.

चाचांनी भिंतीवरची ओळ अंगठ्याने पुसली आणि उरलेल्या लोकाटांचं पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवलं. चाची किती साखर घालायच्या, दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते एकेक चमचा घालत गेले, मी चाखून मान हलवत गेलो. सातव्या चमच्याला मी म्हणालो, "हेच."

"आधी गिळा."

गिळलं. "हेच, चाचा."

त्यांनी स्वतःची वाटी भरली. एक फोड तोंडात धरून बराच वेळ डोळे मिटून बसले.

"हां," ते म्हणाले. "हेच."