ट्रॅक्टरला नापास करणाऱ्या मेश्राम बाई

आमच्या मेश्राम बाईंनी एका ट्रॅक्टरला नापास केलं, तेव्हा मी तिथे बाहेरचा परीक्षक म्हणून हजर होतो. नवाकोरा लाल ट्रॅक्टर होता. त्याच्यासोबत आलेला शोरूमचा माणूसही नव्यासारखाच, कडक इस्त्रीचा. बाईंनी त्याच्या हातात कागद दिला. शंभरपैकी अठ्ठावीस. खाली लाल शाईत शेरा : 'ताकद चांगली. समज कमी. संत्र्याची फांदी मोडली. पुन्हा बसावे.'

त्या माणसाने कागद दोनदा वाचला. "मॅडम, याचा अर्थ काय समजायचा?"

"ऑक्टोबरमध्ये या," बाई म्हणाल्या.

बाई आमच्या शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या आणि मी चित्रकला. म्हणजे त्या शिकवत होत्या आणि मी तास घेत होतो. शहरात, मानेवाड्यात, आमची घरं एकाच गल्लीत आहेत, त्यामुळे निवृत्तीनंतरही माझी सुटका झाली नाही. बाईंचं वय सदुसष्ट, सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्न केलं नाही. 'कारण सांगा' हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्याने वांगी ताजी आहेत म्हटलं की, "कारण सांगा." डॉक्टरने मीठ कमी करा म्हटलं, तर त्यालाही तेच, बिचाऱ्याने चिठ्ठीमागे मूत्रपिंडाची आकृती काढून दिली आणि बाईंनी ती दुरुस्त केली. सगळी गल्ली त्यांना टरकून असते. मी तर उघडच सांगतो, मला त्यांची भीती वाटायची आणि त्याहून जास्त कौतुक वाटतं.

नरखेडकडे त्यांच्या वडिलांनी लावलेली चार एकर संत्र्याची बाग आहे. ती धाकटा भाऊ वसंता सांभाळायचा. झाडं त्याला चेहऱ्याने ओळखू यायची. दोन वर्षांपूर्वी त्याला लकव्याचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. काठी टेकत तो अंगणापर्यंत यायचा, पण बागेतली ढेकळं त्याला झेपेनात. मग त्याने ओसरीवरची खुर्ची फिरवून घेतली. तोंड रस्त्याकडे, पाठ बागेकडे. बोलणं तीन शब्दांवर आलं : हो, नाही, राहू दे. बाई दर शनिवारी एसटीने जायच्या, ते तीन शब्द ऐकायच्या आणि रविवारी परत यायच्या.

अशाच एका रविवारी त्या थेट माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातातली पिशवीही खाली ठेवली नाही.

"लांजेवार सर, वसंताले बागेत न्यायचं आहे. पायी जमत नाही तर बसून जाईल. पण नुसतं फिरवायचं नाही त्याले, पाहुण्यासारखं. काम करत गेला पाहिजे. नाही तर त्या खुर्चीतच संपून जाईल तो."

उमेदवार दोनच होते. एक, बागेत चालणारा छोटा ट्रॅक्टर. दुसरी ती चार जाड टायरांची मोटरसायकल, जिला एटीव्ही म्हणतात. दुसऱ्या कोणी दोन शोरूम पाहिले असते, मेव्हण्याला विचारलं असतं आणि एक घेऊन टाकलं असतं. बाईंनी प्रश्नपत्रिका काढली. ओझं ओढण्याला वीस गुण, तण काढायच्या वखरणीला वीस, दोन झाडांमधून फांदी न मोडता निघण्याला वीस. वळण, चिखल, डिझेल-पेट्रोलची भूक वगैरेंना मिळून तीस. उरलेले दहा 'स्वभावा'ला. यंत्राचा स्वभाव कसा पाहतात, हे मी विचारलं.

"सकाळी सुरू करताना किती वेळा नाही म्हणते ते पाहायचं," बाई म्हणाल्या.

पुढचे पाच महिने मी थक्क होऊन पाहत राहिलो. या बाईने आयुष्यात सायकलीपलीकडे काही चालवलं नव्हतं. आता त्या साडीचा पदर खोचून ट्रॅक्टरखाली सतरंजी अंथरायच्या आणि पाठीवर झोपून मिस्त्रीला प्रश्न विचारायच्या. काटोलच्या एका मिस्त्रीने तर नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "काऊन जी, मॅडम आरटीओतून आल्या काय?" शेणखताचं पोतं त्यांनी वजन करून शिवून घेतलं होतं. प्रत्येक यंत्राला तेच पोतं, तोच बांध, तीच वेळ. परीक्षा म्हटली की सगळ्यांना पेपर सारखा हवा, असं त्यांचं म्हणणं.

एटीव्ही मिळेना, कारण ती ठेवणारे दुकानदार थोडे. मग पारशिवनीच्या पुढे, जंगलाजवळच्या एका रिसॉर्टमध्ये पर्यटकांना त्या गाडीवर चकरा मारू देतात असं कळलं. आम्ही गेलो. रांगेत सगळी कॉलेजची पोरं, एक नवं जोडपं, आणि मध्ये हेल्मेट घातलेल्या मेश्राम बाई. त्यांच्या मागे पोतं घेऊन मी. तिथला मिशीवाला माणूस हबकलाच.

"मॅडम, पोतं काहून आणलं? हे मजा कराले आहे."

"मजा करता करता शेणखत नेता येत नाही? कारण सांगा."

त्याने दोरी आणली. पोतं मागच्या कॅरिअरवर बांधलं गेलं. बाईंनी पाच चकरा मारल्या. पहिली गोगलगायीच्या चालीने, पाचवी अशी की पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "उजव्या अंगठ्याने चालते. क्लच नाही. लिहून घ्या." मी लिहून घेतलं.

गुण मात्र काही केल्या जमेनात. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या एका दुकानाचा अरुंद ट्रॅक्टर आला, त्याने एकही पान न पाडता रांगा वखरून दिल्या आणि अठ्ठ्याहत्तर मिळवले. अमरावती रोडवरच्या एका दुकानदाराने अखेर परीक्षेला एटीव्ही दिली, पण ती शेचाळीसच्या पुढे सरकेना. पळायला चांगली, ट्रॉलीतून चार क्रेट ओढायची, पण वखरणीत भोपळा. निकाल उघड होता. तरी बाई फेरतपासणी करत बसल्या. आज चिखलाची, उद्या चढाची. दिवाळी गेली. मग माझ्या ध्यानात आलं की त्या शंभर गुणांत एक प्रश्न त्यांनी घातलाच नव्हता. मी धीर करून विचारलं.

"बाई, वसंता यातलं काय चालवू शकेल, ते पाहिलं का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दोन्ही नाही जमलं तर तिसरं काय आहे, सर?" त्या हळूच म्हणाल्या. "तिसरं काही नाही. म्हणून विचारलं नाही मी."

त्या क्षणी मला त्यांची भीती वाटायची थांबली. माणूस म्हणून इतक्या जवळच्या त्या मला कधीच वाटल्या नव्हत्या.

पुढच्या शनिवारी दोन्ही यंत्रं अंगणात उभी होती. अमरावती रोडवरच्या त्याच दुकानदाराने एटीव्ही पुन्हा टेम्पोतून पाठवली होती. वसंताच्या बायकोने त्याला काठी दिली. तो आधी ट्रॅक्टरकडे गेला. शेतकऱ्याची नजर तिकडेच जाणार. दोघांनी धरून वर बसवलं. क्लच डाव्या पायाखाली होता. त्याने तीनदा दाबायचा प्रयत्न केला. पाय क्लचवर पडायचा, पण दाबायचा नाही. तो आमच्याकडे न पाहता खाली उतरला.

"राहू दे," तो म्हणाला आणि खुर्चीकडे वळला.

"वसंता," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला नव्हता. "एकदा इकडे बस गा. माझ्यासाठी."

तो बसला. डावा हात त्यांनीच उचलून हँडलवर ठेवला. उजवा अंगठा त्याने हलकेच दाबला. गाडी हातभर सरकली आणि थांबली. पुन्हा सरकली. दुकानाचा माणूस सोबत चालू लागला, तर बाईंनी त्याला मागे ओढलं. गाडी अंगण ओलांडून झाडांच्या दोन रांगांमध्ये शिरली, हळूहळू पुढे गेली आणि दिसेनाशी झाली. काही वेळ नुसता आवाज येत राहिला. मग आवाजही बंद पडला.

वसंताच्या बायकोने तोंडाला पदर लावला. दुकानाचा माणूस पळायला निघाला.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. "मीच बसवलं त्याले, सर," त्या पुटपुटल्या. किती वेळ गेला माहीत नाही, फार गेला.

मग बागेच्या त्या टोकाला गाडी सुरू झाली. आवाज जवळ आला. वसंता रांगेतून बाहेर आला तो रागाने लाल होऊन. त्याने गाडी बहिणीच्या पायांशी आणून उभी केली आणि उजवा हात पुढे केला. बोटांना पिवळा चिकट डिंक लागलेला होता.

"काय वं ताई," तो म्हणाला. जीभ अडखळत होती, पण थांबत नव्हती. "विहिरीकडच्या पाच झाडाईले डिंक्या लागला. खोडातून डिंक गळून राहिला. दोन वर्षांत कोणी खाली वाकून पाहिलं नाही? खोडाले बोर्डो मलम नाही लावला, आळ्यांत पाणी तुंबून राहिलं. असी करतात बाग? शिकली एवढी, अन् एवढं समजत नाही तुले?"

मेश्राम बाईंना असं कोणी बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या मान खाली घालून उभ्या होत्या, बाकावर उभ्या केलेल्या पोरीसारख्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात वर केला नाही.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "अजून काय काय चुकलं, सांग."

आणि वसंता सांगत राहिला.