ऋषीभाऊंचा सरकारी बाण

अन्याय ऋषीभाऊंवर झाला. कधी झाला तेही लिहून घ्या. यंदा तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली त्या मंगळवारी, सकाळी साडेनऊला. कुणी मोठे पाहुणे जीपमधून रस्त्याने जाणार होते. त्यांना भिंती पांढऱ्या दिसाव्यात म्हणून आमच्या गावात चुना मारायला सुरुवात झाली, ती शनिवारपर्यंत बारा गावं चोपडून थांबली. पाहुणे आलेच नाहीत. चुना राहिला.

ऋषीभाऊ आमचे मलेरियावाले. सरकारी काम एवढंच: रोज एक गाव, पंधरवड्याने पुन्हा तेच गाव. दारात उभं राहून "ताप?" असं ओरडायचं, ताप असला तर बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं, आणि दाराशेजारच्या चौकोनात तारीख टाकून सही करायची. बायका भिंत सारवतात तेव्हा तेवढा चौकोन सोडून सारवतात. देव्हाऱ्याला नाही एवढा मान त्या चौकोनाला.

पण ऋषीभाऊ तापावर थांबत नसत. समोर येईल त्याला ते तीन शब्द देत. "सालई, कंदील, बदक. ध्यानात ठेव." मग गल्ली संपवून परत येत आणि विचारत. तिन्ही सांगणाऱ्याकडे ढुंकून बघत नसत. विसरणाऱ्याला म्हणत, "शाब्बास!"

"हे काऊन, भाऊ?" मी एकदा विचारलं.

"मले माप पाह्यजे ना बे. चांगल्या डोक्याचा माणूस किती विसरते हे ठाऊक नसन, तर बिमार डोकं कसं ओळखाचं?"

सात वर्षांच्या संशोधनाअंती त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की बारा गावांत सगळ्यात जास्त विसरलं जातं ते बदक.

मन म्हणजे मेंदू आणि मेंदू म्हणजे अवयव, यकृतासारखा, हे त्यांचं ठाम मत. लिव्हर बिघडलं तर कुणी पुजाऱ्याकडे जात नाही, मग मन बिघडल्यावर काऊन? एकदा त्यांनी रक्ताच्या दोन काचा तपासायला पाठवल्या. एकीवर लिहिलं 'खूश', दुसरीवर 'उदास'. उत्तर आलं: दोन्हींत जंतू नाही, पुन्हा असा चावटपणा केल्यास पगार कापू. ऋषीभाऊ खचले नाहीत. म्हणाले, "दुर्बीण कमी पडली."

आणि मग तो बाण. तारीख आणि सही ते सुताराच्या जाड पेन्सिलीने, माती खणली जाईल इतकं दाबून करत, आणि सहीच्या पुढे तसाच एक बाण काढत. वर, खाली किंवा आडवा. कुणी विचारलं तर, "सरकारी आहे." लोकांनी अर्थ लावला की हा घराच्या मनःस्थितीचा बाण. मग भांडणं. पोचूबाईंच्या घरी नातीचं लग्न, मांडव पडलेला, आणि भाऊंनी बाण काढला खाली.

"डोळे फुटले का रे तुहे? माह्या घरी बाजा वाजून राह्यला अन् बाण खाली?"

"बाई, बाण सरकारी आहे. बाज्याचा संबंध नाई."

"तं सरकारच्या घरी काढ ना!"

मीही फसलो. पत्रकं काढणं हा माझा धंदा. चार गावांचे बाण मी वहीत उतरवले. पावसाळ्यात घराघरांवर खाली तोंड केलेले बाण! मथळासुद्धा तयार केला: 'अख्खं जंगल उदास, जबाबदार कोण?' छापायच्या आधी नीट पाहिलं तेव्हा ध्यानात आलं, एका तारखेला गावातल्या झाडून सगळ्या घरांना एकच बाण. लग्नघर असो की मयत, फरक नाही. मी वही घेऊन ऋषीभाऊंकडे गेलो आणि सरळ म्हणालो, "भाऊ, तुम्ही घराघरांत विचारतच नाही. हे बोगस काम आहे."

अंगणात सयाबाई बसल्या होत्या. भाऊंच्या पत्नी. उन्हाळ्यात याच बाईंनी सात घरांची अंगणं न विचारता सारवली होती, दोन कोसांवरच्या अनोळखी बारशाला लाडू करून नेले होते, आणि झोप म्हणून घेतली नव्हती. आता समोर तांदळाचं सूप होतं आणि हात सुपात तसाच. भाऊ त्यांच्यापुढे उकिडवे बसले.

"सया. सालई, कंदील..."

बाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले. 

"राहू दे," भाऊ म्हणाले. "बदक सगळेच विसरतेत."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरोघरी काय विचारू? बाण तिचा आहे. सकाळी तिले पाहून निघतो, अन् ज्या गावी जातो तिथं काढतो."

"वहीत लिहायचं ना, भाऊ!"

"लिहिलं होतं. तिनं पाह्यलं. म्हणे, मले मोजून राह्यला का? चुलीत घातली वही. बरोबरच आहे तिचं. कागद जळते. भिंत नाई जळत."

नागपूरच्या डोक्याच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की हा आजार मेंदूच्या रसायनांचा, चढतो आणि उतरतो. एक गोळी आहे, मिठाच्या जातीची, पण ती जपून, रक्त तपासत द्यायची. कधी चढलं, किती दिवस टिकलं, कधी उतरलं, एवढं घेऊन या. ऋषीभाऊंनी डॉक्टरांना सांगितलं, आहे माझ्याकडे, सात वर्षांचं. रजेचा अर्ज मंजूर झाला. भिंतींवरून उतरवून घ्यायला पहिलं गाव आमचंच धरलं होतं. बुधवारचं.

मंगळवारी चुना आला.

मी तक्रारी लिहिल्या. उत्तर आलं की भिंतीवर विनापरवाना खुणा करणाऱ्या कर्मचाऱ्याची चौकशी होईल. होऊ द्या. ऋषीभाऊ रोज नव्या चुन्यावर तारीख टाकतात, सही करतात, आणि बाण काढतात. महिना झाला, खालीच.

तेव्हा बारा गावच्या लोकांनो, आता तुम्ही. दाराशेजारचा चुना खरवडा. विळा नको, चमचा घ्या, हलक्या हाताने. खाली माती खणलेली आहे, बोटाला लागेल. जेवढ्या तारखा सापडतील तेवढ्या, प्रत्येकीपुढचा बाण, पोस्टकार्डावर उतरवा आणि टाका. पत्ता 'ऋषीभाऊ मलेरियावाले' एवढा पुरतो. बाण वर होता की खाली, हे आठवणीने सांगू नका. तुमची आठवण किती चालते ते भाऊंना माहीत आहे. खरवडा, बघा, आणि मगच लिहा.